दाई आपली, नर्सही आपलीच हवी

जमिनीच्या पत्रकात बाळंतपणाचा विषय कशाला, असं काही भाऊ म्हणतील. आमचं म्हणणं, विषय एकच आहे. वनहक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं द्यायचा, असं 2006 चा कायदा सांगतो. जिचं नाव पट्ट्यावर लागावं म्हणून आपण मोर्चे काढले, ती बाई बाळंतपणात जगली पाहिजे. नाहीतर त्या पट्ट्याचं करायचं काय?

शिरपूर तालुक्यात बोराडी-सांगवीच्या वर सातपुड्यात पाहा, नाहीतर साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात पाहा. रस्ता आहे तिथं गाडी येते. रस्ता नाही त्या पाड्यावरून बाईला झोळीत घालून खांद्यावर न्यावं लागतं. पावसाळ्यात नाला भरला की तेपण बंद. अशा रात्री बाईजवळ कोण असतं? पाड्यावरची दाई. तीन पिढ्यांची बाळंतपणं तिनं केली. धान्य, कोंबडी, जमलं तर लुगडं, एवढ्यावर केली.

सरकारनं आधी बरीच वर्षं दाईंना ट्रेनिंग दिलं, सामानाची पेटी दिली. 2005 साली ग्रामीण आरोग्य अभियान आणि जननी सुरक्षा योजना आली आणि सगळा जोर दवाखान्यावर गेला. दवाखान्यात नेणं बरोबरच आहे. पण दाईचं काम मोडीत काढलं आणि तिच्या जागी पाड्यावर दुसरं कोणी बसवलं नाही. आशाताई आहे, पण बाळंतपण करणं हे तिचं कामच नाही.

आता आपल्या बाजूचंही खरं बोलू. दाईला सगळं जमत नाही. बाळंतपणानंतर रक्त थांबलं नाही तर दोन तासांतसुद्धा बाई जाते. झटके आले, बाळाचा हात आधी आला, वार अर्ध्या तासात पडली नाही, तर थांबायचं नाही, लगेच हलवायचं. आपल्या भिल्ल, पावरा, कोकणी, मावची लोकांत सिकलसेल आहे. सिकलसेलचा आजार असलेल्या बाईचं बाळंतपण दवाखान्यातच झालं पाहिजे. आणि गावोगाव बॅग घेऊन फिरणारा बोगस डॉक्टर कळा वाढवायची सुई देतो, त्यानं गर्भपिशवी फाटू शकते. त्याला पाड्यात घेऊच नका.

मग बाया दवाखान्याला का भितात? आम्ही बायांच्या बैठकीत विचारलं. उत्तर एकच येतं. तिथं बोली कळत नाही. ओरडलं तर बोलणी खावी लागतात. आई-सासूला बाहेर काढतात. घरी उकिडवं बसून, खांबाला धरून बाळंत व्हायची सवय, तिथं पाठीवर झोपवतात. खरं म्हणजे बाळंतिणीजवळ सोबतीची बाई राहू द्यायची मुभा केंद्र सरकारनं 2016 सालीच दिली. चालायची, बसायची, हवं तसं वळायची मोकळीक द्यावी, हे 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगितलं. म्हणजे आपल्या बाया मागतात ते अडाणीपणाचं नाही.

यावर आमचं मत असं: दाई आपली आहेच, नर्सही आपलीच हवी. आपल्या बोलीची, आपल्या पाड्यातली. तिसऱ्या महिन्यापासून बाईला ओळखणारी, घरी येऊन तपासणारी, कळांच्या वेळी जवळ बसणारी, धोका दिसला की स्वतः दवाखान्यात सोबत जाणारी. हे स्वप्न नाही. गडचिरोलीत राणी बंग आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं 39 गावांत गावातल्याच बायांना शिकवलं. त्या आरोग्यदूत दाईच्या जोडीनं बाळंतपणाला हजर राहायच्या, बाळाची काळजी घ्यायच्या. तीन वर्षांत तान्ह्या बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 साली हे ‘लॅन्सेट’ या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं. दाईला हाकललं नाही, जोडीला घेतलं, म्हणून जमलं.

बारावी झालेल्या बहिणींनो, रस्ता असा आहे. एएनएमचा कोर्स दोन वर्षांचा, कला शाखेवरही होतो. जीएनएम तीन वर्षांचा. मग मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी. नोंदणीशिवाय सुई-सलाईनला हात लावायचा नाही. शिकलेल्या, अनुभवी नर्सना पुढे 18 महिन्यांचं खास सुईणपणाचं शिक्षण द्यायचं, असं केंद्रानं 2018 साली ठरवलं. जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र अकरावीतच काढायला टाका, नाहीतर प्रवेशाच्या वेळी धावपळ होते. वसतिगृह आणि शिष्यवृत्तीसाठी धुळ्याच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात विचारा.

जागेचं म्हणाल तर तीपण आपल्याच कायद्यात आहे. वनहक्क कायद्याचं कलम 3(2) वाचा. दवाखाना, अंगणवाडी, रस्ता यांसाठी प्रत्येकी एक हेक्टरच्या आत वनजमीन देता येते, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस लागते. म्हणजे वनखात्याची जमीन आहे, रस्ता होणार नाही, असं कोणी सांगितलं तर हे कलम दाखवायचं. डोंगरी आदिवासी भागात 3,000 लोकांमागे एक उपकेंद्र असावं, असा सरकारचाच निकष आहे. आपल्या उपकेंद्राखाली किती लोक येतात ते मोजा.

येत्या ग्रामसभेत हे ठराव घ्या:

1. गावातली एक तरी मुलगी नर्सिंगला पाठवायची. तिचा जाण्यायेण्याचा खर्च गाव उचलेल. तिच्या लग्नाची घाई करायची नाही.
2. उपकेंद्र आणि रस्त्यासाठी कलम 3(2) खाली शिफारस करायची.
3. बाई म्हणेल तर दाईला दवाखान्यात सोबत राहू द्यावं, आणि तिची त्या दिवसाची मजुरी सरकारनं द्यावी.
4. दाईंचं ट्रेनिंग पुन्हा सुरू करावं.

ठरावाची एक नक्कल आरोग्य केंद्रात द्या, एक आपल्या संघटनेकडे पाठवा. पोच घ्यायला विसरू नका. जमिनीचे दावेसुद्धा पोचपावतीवरच टिकले.

जोहार! जिंदाबाद!