न झालेल्या गोलांचा हिशेब

आपल्या जिल्ह्यातील श्रीरामपूरच्या झहीर खानचे कसोटीतील ३११ बळी अनेकांना तोंडपाठ आहेत. पण बचावपटूने अडविलेल्या गोलांची नोंद कोण ठेवतो? गोव्याच्या महेश गवळीने भारताच्या बचावफळीत दहाहून अधिक वर्षे काढली. २००३ साली जाकार्तात ईस्ट बेंगॉलने आसियान चषक जिंकला, तेव्हा तो संघात होता. डेम्पोच्या तिन्ही आय-लीग विजेतेपदांतही होता. नावे मात्र गोल करणाऱ्यांचीच राहिली. २०२३ मध्ये मुख्य प्रशिक्षक निलंबित असताना सॅफ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारतीय संघाची धुरा त्यानेच वाहिली आणि भारत जिंकला. तेव्हा मित्रहो, यंदाच्या स्नेहसंमेलनात जिमखान्याने एक पारितोषिक बचावपटूसाठी अवश्य राखून ठेवावे.