बीजकात न लिहिलेला माल

ज्या जीवापासून मनुष्यास धान्य, दूध वा द्रव्य यांपैकी काहीच मिळत नाही, त्याच्या रक्षणार्थ पैसा का वेचावा, असे आपले व्यापारी बंधू पुष्कळदा विचारतात. या प्रश्नाचे उत्तर देणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण पुढील उदाहरणात दोष मालाच्या वाहतुकीकडे येतो.

हिंदी महासागरात, जावाच्या दक्षिणेस, ऑस्ट्रेलियाच्या सत्तेखालील ख्रिसमस नावाचे बेट आहे. निळ्या शेपटीची सापसुरळी जगात केवळ तेथेच नांदत होती. १९८७ च्या सुमारास तेथे कवड्याच्या जातीचा एक परका साप आढळला. तो जहाजावरील मालातून आला असावा, असे जाणकार मानतात. असा शत्रू ज्यांनी कधी पाहिलाच नव्हता, त्या जीवांना सावधपणा कोठून असणार? त्यांची संख्या झपाट्याने घटली.

२००९ साली तज्ज्ञांनी ६६ सापसुरळ्या पकडून त्यांची वीण सुरू केली. हे मुद्दल वेळीच राखले, म्हणून २०१९ साली कोकोस बेटांपैकी त्या सापापासून मुक्त अशा एका लहान बेटावर ३०० सापसुरळ्या सोडता आल्या. परंतु ख्रिसमस बेटावरीलच रानसापसुरळीच्या बाबतीत विलंब झाला. केवळ तीन माद्या हाती लागल्या, नर मिळाला नाही. शेवटची मादी २०१४ च्या मे महिन्यात मेली आणि ती जात संपली.

भांडवल बुडाले तर कष्टाने पुन्हा उभे करता येते. बुडालेली जात कोणत्याही पेढीवर मिळत नाही. शिवाय वाचलेल्या सापसुरळीसही स्वतःच्या बेटावर मोकळेपणाने परतता येत नाही, कारण साप तेथेच आहे. उपाय झाला, तरी ऋण फिटले नाही.

आपल्या वखारींतील खपरा किड्यास आपण नित्याचा समजतो. ऑस्ट्रेलिया मात्र त्यास कडक पहाऱ्याने दूर ठेविते. त्यात आपल्या मालाचा अपमान नाही, शहाणपण आहे. माल पाठविणाऱ्याने गोण्या, पेटारे व लाकडी फळ्या झाडून-तपासून पाठवाव्यात. हा खर्च अल्प आहे. तो टाळल्यास त्याची भरपाई ज्याने आपल्याशी कधी सौदाच केला नाही, अशा मुक्या जिवास करावी लागते. ज्या नुकसानीची फिर्याद कोणी आणू शकत नाही, तिची जबाबदारी स्वतः होऊन घेणे, यातच व्यापाऱ्याची खरी पत आहे, असे आमचे नम्र मत आहे.