डबीचे आयुष्य आणि शब्दांचे आयुष्य

१/
क्रिप्टो-चलनाच्या जगात एक सल्ला गेली दहा-अकरा वर्षे अव्याहत फिरतो आहे : आपली नाणी हार्डवेअर वॉलेटवर घ्या, ते कपाटात ठेवा आणि निर्धास्त राहा. यातील पहिला भाग बहुतांशी योग्य आहे. 'कपाटात ठेवा आणि निर्धास्त राहा' हा भाग मात्र घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ही डबी किती वर्षे टिकते, कशाने निकामी होते आणि ती निकामी झाल्यावर नेमके काय नष्ट होते, हे इतिहासाच्या अंगाने मांडण्याचा हा प्रयत्न. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
फेब्रुवारी २०१४. टोकियोतील माउंट गॉक्स हे त्या काळातले सर्वांत मोठे बिटकॉइन विनिमय-केंद्र कोसळले. सुमारे ८,५०,००० बिटकॉइन गहाळ झाल्याचे त्याने जाहीर केले. त्यांपैकी सुमारे दोन लाख पुढे एका जुन्या वॉलेटमध्ये सापडले. त्यानंतर काही महिन्यांतच प्रागमधील सातोशीलॅब्स या संस्थेची 'ट्रेझर' नावाची छोटी डबी ग्राहकांच्या हाती पडू लागली. मारेक पालाटिनुस आणि पावोल रुस्नाक या दोघांनी तिच्यावर आधीपासूनच काम चालवले होते, पण वेळ अशी जुळून आली की डबीला प्रस्तावनेची गरजच उरली नाही. त्याच वर्षी पॅरिसमध्ये 'लेजर' ही कंपनी स्थापन झाली. बाजारात आजही हीच दोन नावे प्रामुख्याने घेतली जातात.

३/
येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. या डबीत नाणी नसतात. नाणी ही जगभरच्या हजारो संगणकांवर जपलेल्या एका सामायिक खातेवहीतील नोंद असते. डबीत असते ती ती नोंद हलवण्याचा अधिकार देणारी गुप्त किल्ली. व्यवहाराचा मसुदा संगणकाकडून डबीत येतो, डबी आतल्या आत त्यावर सही करते आणि फक्त सही बाहेर पाठवते. किल्ली कधीच बाहेर पडत नाही. संगणकात विषाणू असला तरी त्याच्या हाती किल्ली लागत नाही, ही या योजनेची सारी थोरवी.

४/
पण डबी बिघडली तर? या प्रश्नाचे उत्तर ट्रेझरकर्त्यांनी डबी बाजारात येण्यापूर्वीच शोधले होते, आणि माझ्या दृष्टीने तोच त्यांचा खरा शोध आहे. २०१३ मध्ये पालाटिनुस, रुस्नाक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 'बिप-३९' नावाचा प्रस्ताव मांडला. २,०४८ साध्या शब्दांची एक यादी. त्यांतून निवडलेले बारा किंवा चोवीस शब्द, ठरावीक क्रमाने. या शब्दांतून साऱ्या किल्ल्या पुन्हा जशाच्या तशा निर्माण करता येतात. इंग्रजी यादीतील शब्द असे निवडले आहेत की पहिल्या चार अक्षरांवरून प्रत्येक शब्द ओळखता यावा. अर्धवट पुसलेल्या कागदावरही तो वाचता येतो. डबी समुद्रात फेका, दुसरी घ्या, शब्द भरा, कारभार पुढे चालू.

५/
आता डबीच्या देहाकडे वळू. किल्ली ज्या फ्लॅश स्मृतीत राहते, तिच्यात माहिती म्हणजे एका सूक्ष्म, चहूबाजूंनी विसंवाहकाने वेढलेल्या कप्प्यात कोंडलेला विद्युतभार. हा भार अत्यंत सावकाश झिरपत असतो. उष्णता वाढली की झिरपण्याचा वेग वाढतो. म्हणूनच चिप बनवणारे कारखाने 'इतक्या तापमानाला इतकी वर्षे' अशी हमी देतात. ती साधारण दहा, वीस, तीस वर्षे अशा पल्ल्यांत असते. खोलीच्या तापमानात ठेवलेली डबी त्याहून अधिक टिकू शकेल. पण 'कायमची' हा शब्द कोणत्याही चिपच्या माहितीपत्रकात आढळत नाही, तो फक्त जाहिरातीत आढळतो.

६/
प्रत्यक्षात चिपच्या कितीतरी आधी इतर अवयव कुरकुरू लागतात. ओलेड पडद्यातील सेंद्रिय द्रव्ये वापराने मंदावतात आणि ओलाव्याने खराब होतात; अक्षरे इतकी पुसट होतात की पत्ता पडताळणे अवघड जाते, आणि पत्ता पडताळणे हाच तर त्या पडद्याचा धर्म. ज्या प्रतिरूपांत लिथियम बॅटरी आहे, ती वर्षानुवर्षे रिकामी पडून राहिली की निकामी होते. मायक्रो-यूएसबीचे तोंड सैल होते. कोकणातल्या चार पावसाळ्यांत घरातल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे काय होते हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

७/
याहून वेगाने येणारा मृत्यू सॉफ्टवेअरचा. लेजरच्या पहिल्या पिढीतील उपकरणे वापरण्यासाठी क्रोम ब्राउझरमधले एक ॲप लागत असे. गूगलने २०१६ मध्ये अशी ॲप्स टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले आणि लेजरला २०१८ मध्ये 'लेजर लाइव्ह' हा स्वतंत्र कार्यक्रम आणावा लागला. डबी तीच, चिप धडधाकट, पण तिच्याशी बोलणारा दुभाषाच गेला. २०१६ मध्ये आलेल्या 'नॅनो एस'चे उत्पादन २०२२ मध्ये थांबले. त्याची ३२० किलोबाइटची स्मृती बदलत्या प्रोटोकॉलांना अपुरी पडू लागली होती. सहा वर्षे. आपल्याकडे मिक्सर याहून अधिक चालतो.

८/
थोडे विषयांतर. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागद शाबूत आहेत, शाई शाबूत आहे. दुर्मीळ झाला आहे तो मोडी वाचणारा. दस्तऐवज नष्ट होण्याचा हा दुसरा प्रकार आपल्याला परकीयांकडून शिकण्याची गरज नाही.

९/
प्रत्यक्ष हानीच्या कथा वाचताना मात्र एक गोष्ट ठळकपणे जाणवते : डबीच्या नैसर्गिक मृत्यूमुळे संपत्ती गेल्याची उदाहरणे क्वचित आढळतात. माणसाच्या विस्मृतीची उदाहरणे भरपूर. अमेरिकन पत्रकार मार्क फ्राउएनफेल्डर यांनी २०१७ मध्ये 'वायर्ड'मध्ये स्वतःचीच हकिकत लिहिली. ट्रेझरवर ७.४ बिटकॉइन होते. चोवीस शब्दांचा कागद साफसफाई करणाऱ्यांनी कचऱ्यात टाकला आणि पिन त्यांच्या विस्मृतीत गेला. ट्रेझरवर प्रत्येक चुकीच्या पिननंतर पुढच्या प्रयत्नापर्यंतचा काळ दुप्पट होत जातो. डबी उत्तम चालू होती, मालकाला मात्र आत घेत नव्हती.

१०/
सुटका झाली ती कशाने? डबीतील दोषाने. जुन्या फर्मवेअरमध्ये गुप्त माहिती तात्पुरत्या स्मृतीत उतरत असे. ब्रिटनमधील एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या मार्गदर्शनाने त्यांनी ती तेथून वाचून काढली. त्यांनी वेळेवर फर्मवेअर अद्ययावत केले असते, तर हा दरवाजा बंद झाला असता. पुढे २०२२ च्या जानेवारीत जो ग्रँड या अमेरिकन हार्डवेअर-तज्ज्ञाने अशीच एक ट्रेझर, तिच्या विद्युत-दाबात नेमक्या क्षणी खंड पाडून, उघडून दाखवली. आत सुमारे वीस लाख डॉलरची 'थीटा' नाणी अडकली होती. त्यापूर्वी २०२० मध्ये क्रॅकेनच्या सुरक्षा-प्रयोगशाळेने दाखवून दिले होते की डबी प्रत्यक्ष हाती असेल तर पंधरा मिनिटांत तिच्यातून बीज काढता येते.

११/
म्हणजे जो दोष चोराला वाट देतो, तोच विसराळू मालकालाही वाट देतो. लेजरसारख्या कंपन्या बँककार्डांत असते तशी 'सिक्युअर एलिमेंट' चिप वापरतात. तेथे तीन वेळा चुकीचा पिन दिला की डबी स्वतःला कोरी करते. सुरक्षा म्हणून हे श्रेष्ठ आहे, यात मला शंका नाही. पण जितकी डबी अभेद्य, तितके शब्दांच्या कागदावरचे ओझे अधिक, हे विक्रेते सांगत नाहीत. सत्तर-ऐंशी डॉलरची डबी ग्राहक घेतो आणि तिच्यासोबत आलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डावर बॉलपेनने शब्द लिहितो. व्यवस्थेतील सर्वांत मोलाचा भाग तो पुठ्ठा असतो, आणि त्यावर कोणाचीही हमी नसते.

१२/
'मग विनिमय-केंद्रावरच ठेवावीत,' असे कोणी म्हणेल. त्याने १८ जुलै २०२४ आठवावा. मुंबईच्या वझीरएक्सच्या वॉलेटमधून २३ कोटी डॉलरहून अधिक मूल्याची नाणी गेली. कंपनीच्या निवेदनानुसार सही करणाऱ्या तिच्या तिघांकडेही लेजरची हार्डवेअर वॉलेट होती. पडद्यावर दिसत होता एक व्यवहार आणि सही झाली दुसऱ्यावर. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिटचे सुमारे दीड अब्ज डॉलर याच तऱ्हेने गेले. येथे एकही डबी बिघडली नव्हती. सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतो आहोत हे त्या इवल्या पडद्यावर वाचता येत नव्हते, एवढेच. माझ्या मते हेही डबीचेच अपयश मानले पाहिजे. कोऱ्या मुद्रांकावर अंगठा उठवून घेणाऱ्या सावकाराची आठवण येथे अपरिहार्य आहे.

१३/
आता शब्दांच्या टिकाऊपणाविषयी. कागद जळतो, भिजतो, वाळवी खाते. म्हणून पोलादी पट्ट्यांवर शब्द ठोकून ठेवण्याची रीत आली. जेम्सन लॉप यांनी अशा अनेक पट्ट्या भाजून, आम्लात बुडवून आणि दाबयंत्राखाली चिरडून पाहिल्या. एकसंध पत्र्यावर ठोकलेली अक्षरे बहुधा तगली. सुटी अक्षरे सरकवून बसवण्याच्या रचना विस्कटल्या. शिलाहार आणि यादव राजांचे लेखनिक भूदानाची सनद तांब्यावर कोरून, पत्रे कडीत ओवून वर मुद्रा ठोकत, तेव्हा त्यांच्यासमोर हाच प्रश्न होता.

१४/
परंतु शब्द टिकले म्हणजे अर्थ टिकला, असे नाही. बिप-३९ ही एकमेव पद्धत नाही. 'इलेक्ट्रम' या जुन्या वॉलेटचे शब्द वेगळ्या रीतीने वाचावे लागतात. सातोशीलॅब्सनेच पुढे १,०२४ शब्दांची 'स्लिप-३९' ही दुसरी पद्धत आणली आणि २०२४ पासून ट्रेझरच्या नव्या डब्या त्यानुसार वीस शब्द देऊ लागल्या. शिवाय काहींनी चोवीस शब्दांवर आणखी एक गुप्त शब्द, पासफ्रेज, जोडलेला असतो. तो कोठेही लिहिलेला नसेल तर चोवीस शब्द अचूक भरूनही रिकामे वॉलेट उघडते. चूक झाल्याचा संदेशही येत नाही, कारण यंत्राच्या लेखी ते वेगळे आणि वैध वॉलेट असते.

१५/
हा प्रश्न मला वारसांच्या दृष्टीने सर्वांत गंभीर वाटतो. बिप-३९ च्या अधिकृत याद्या इंग्रजी, जपानी, कोरियन, चिनी, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, चेक आणि पोर्तुगीज भाषांत आहेत. एकाही भारतीय भाषेत नाही. उद्या एखाद्या घरात वडिलांच्या मागे कपाट आवरताना परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या चोवीस इंग्रजी शब्दांची चिठ्ठी सापडली, तर ती मुलाचा जुना गृहपाठ समजून रद्दीत जाण्याचीच शक्यता अधिक. बँकेतील ठेव दहा वर्षे बेवारस राहिली तर ती रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जमा होते. तरीही वारसाला ती पुढे मागता येते आणि शोधण्यासाठी 'उद्गम' हे संकेतस्थळ आहे. येथे नामनिर्देशन नाही, दाद मागायला खिडकी नाही. एप्रिल २०२२ पासून सरकार या संपत्तीच्या हस्तांतरणातील नफ्यावर तीस टक्के कर घेते. ती हरवली तर मात्र ती कोणाच्याच दप्तरी नसते.

१६/
म्हणून उत्पादकांकडे माझी एक मागणी आहे, आणि ती अवाजवी नाही. स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरवर पुढची तपासणी केव्हा करायची ते अक्षर आणि वर्ष रंगवलेले असते. घरातले कोणीही ते वाचू शकते. तशी तारीख या डब्यांच्या पाठीवर का नसावी? फर्मवेअर कोणत्या वर्षापर्यंत देणार, पडदा आणि बॅटरी किती वर्षांची धरलेली आहे, हे विकतानाच लिहून द्यावे. कंपन्या हे टाळतात, कारण 'आजन्म सुरक्षा' विकणाऱ्याला तारीख छापणे परवडत नाही.

१७/
मालकाच्या हातात असलेले काम त्यामानाने सोपे आहे. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आवराआवरीत म्हणा, डबी चालू करून पाहावी. अनेक डब्यांत लिहिलेले शब्द बरोबर आहेत का हे डबीवरच ताडून पाहण्याची सोय असते, ती वापरावी. शब्द संगणकात, फोनमध्ये किंवा छायाचित्रात कधीही उतरवू नयेत. डबी पाच-सात वर्षांची झाली की ती चालू असतानाच दुसरी घेऊन, शब्द भरून, तीच खाती दिसतात याची खात्री करावी.

१८/
आणि एक पत्र लिहावे, स्वच्छ मराठीत : कोणते उपकरण, कोणत्या पद्धतीचे शब्द, किती शब्द, पासफ्रेज आहे की नाही, आणि घरातल्यांनी कोणाच्या देखत ते उघडावे. शब्द त्या पत्रात लिहू नयेत. ते वेगळ्या ठिकाणी ठेवावेत आणि ते ठिकाण दोघांना तरी ठाऊक असावे.