वनांची आयोजना आणि गावाचा शब्द

परभणी जिल्ह्यात जंगल आहे, असे कोणी म्हटले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर स्मित उमटते. ज्वारी, कापूस आणि कृषी विद्यापीठ यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याची गणना राज्यातील अत्यल्प वनाच्छादनाच्या जिल्ह्यांत होते. १९९९ साली हिंगोली वेगळा झाला, तेव्हा जे काही रान होते त्याचाही मोठा भाग तिकडे गेला. उरले ते मुख्यतः जिंतूर तालुक्याच्या डोंगराळ पट्ट्यात, येलदरीच्या आसपास, आणि थोडे गंगाखेडकडील बालाघाटाच्या उतारांवर. परंतु थोडे आहे म्हणून त्याची चर्चाच नको, हा न्याय उफराटा होय. गडचिरोलीत शंभर एकर रान गेले तर रान उरते. जिंतुरात शंभर एकर गेले तर एखाद्या तांड्याची चराई, सरपण आणि पाणी अशी तिन्ही एकदम जातात.

या वनांचे काय करावयाचे, कोठे तोड, कोठे लागवड, कोठे चराईबंदी, हे वनखात्याच्या ‘कार्य आयोजने’त ठरते. ती सामान्यतः दहा वर्षांसाठी असते आणि तिला केंद्र शासनाची मान्यता लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशापासून तर मान्य आयोजनेबाहेर वनात वृक्षतोड करता येत नाही. म्हणजे गावकऱ्याच्या दृष्टीने हा दस्तऐवज अंदाजपत्रकाहूनही महत्त्वाचा. तो किती गावकऱ्यांनी पाहिला आहे? एखादा साखर कारखाना किंवा मोठी खाण निघावयाची असेल, तर २००६ च्या पर्यावरणीय अधिसूचनेप्रमाणे स्थानिक भाषेत सारांश द्यावा लागतो, किमान तीस दिवसांची सूचना द्यावी लागते, आणि जिल्हाधिकारी अथवा त्यांचा प्रतिनिधी यांच्या अध्यक्षतेखाली जनसुनावणी होते. ही सुनावणी पुष्कळदा उपचार ठरते, हे खरे. परंतु वनाच्या आयोजनेला तेवढा उपचारही नाही. कार्य आयोजनेच्या राष्ट्रीय संहितेत लोकांशी विचारविनिमयाचा उल्लेख आहे. मात्र विचारविनिमय आणि सुनावणी यांत जे अंतर आहे, ते कचेरीत खेटे घातलेल्या कोणासही सांगावे लागणार नाही.

लोकांना न विचारता आखलेल्या योजनेचे काय होते, याचा धडा आपल्या शेजारीच आहे. १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर झाले ते सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरांचे! त्यात शेते आली, गावे आली, रस्ते आले. खरेदी-विक्री अडली, बांधकामे अडली, आणि ज्या शेतकऱ्याच्या बांधावर तो पक्षी निर्धास्त वावरत होता, त्याच शेतकऱ्याला तो वैरी वाटू लागला. अखेर २०१२ मध्ये क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावे लागले. तोवर तेहतीस वर्षे गेली होती, आणि आज नान्नजला माळढोक दिसणे हीच बातमी होते. आरंभीच गावोगावी बसून नकाशा काढला असता तर पक्षी वाचलाच असता, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. वैर मात्र निश्चित टळले असते.

उलट बाजूस गडचिरोलीतील मेंढा (लेखा) आहे. २००९ मध्ये या लहानशा गोंड गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. त्याआधी कित्येक वर्षे तेथील ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेत होती, आणि निर्णयापूर्वी अभ्यासगटात बसून विषय समजून घेत होती. आपल्याकडे मेंढ्याचे कौतुक पुष्कळ होते. अभ्यासगटाचे अनुकरण कोणी करीत नाही.

वनाधिकारी म्हणतील, गावाला विचारले तर गाव अतिक्रमण कायम करा एवढेच मागेल. ही भीती निराधार नाही. ग्रामसभा म्हणजे संतांचा मेळावा नव्हे. तेथे सरपंच असतो, कंत्राटदार असतो, आणि ज्याच्या शेळ्या खरोखर रानात चरतात तो दारापाशी गप्प उभा असतो. परंतु खाते तरी कोठे अचूक आहे? २०१६ ते २०१९ या चार वर्षांत राज्याने दोन, चार, तेरा आणि तेहतीस कोटी वृक्षांची उद्दिष्टे ठेवली. अशा आकड्यांच्या घाईत गवताळ माळ ओसाड समजून खणला जाण्याचा धोका असतो. गवत हीच जेथे काळविटाची व गुरांची संपत्ती, तेथे खड्डा कोठे घ्यावा हे गुराख्याला विचारणे अवैज्ञानिक कसे?

मराठवाड्याची एक अडचण निराळी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात बिगर-आदिवासी वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, वास्तव्य दाखवावे लागते. जिंतुरातील बंजारा तांडे राज्याच्या सूचीत विमुक्त-भटक्यांत मोडतात, म्हणजे त्यांना १९३० चा पुरावा हवा. तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होती आणि दरबारी भाषा उर्दू होती. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी शासनाने समिती नेमून निजामकालीन दफ्तरे धुंडाळली. तोच उत्साह वनहक्कांसाठी का दिसू नये? कायद्याच्या नियमांत तर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून ग्राह्य आहे. तो लिहून घेण्यास तांड्यावरचा शिक्षक किंवा महाविद्यालयीन विद्यार्थी पुरेसा आहे.

भाषेचा प्रश्न क्षुल्लक नाही. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने पर्यावरणीय अधिसूचनेचा मसुदा आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत उपलब्ध करून देण्यास सांगितले, ते याच कारणाने. २०२२ च्या दुरुस्तीने अभयारण्याच्या व्यवस्थापन योजनेसाठी, वनहक्क कायदा लागू असलेल्या क्षेत्रात, ग्रामसभेशी सल्लामसलत बंधनकारक झाली. जिंतूरच्या साध्या वनाला हा नियम लावावयाचा तर कायदा बदलण्याचीही वाट पाहावी लागत नाही. पुढील आयोजनेचा प्राथमिक अहवाल मराठीत, गटवार नकाशासह, ग्रामपंचायतीत तीस दिवस ठेवावा. गुरे रानातून परतल्यावर, सायंकाळी, तो ग्रामसभेत वाचावा. आणि आलेल्या प्रत्येक हरकतीपुढे ती का स्वीकारली वा का नाकारली, हे अंतिम आयोजनेत दोन ओळींत नोंदवावे.