औषधाची टंचाई दिसली, स्कॅनची दिसली नाही

२०२१ च्या मे महिन्यात लखनऊच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात आणि संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत म्युकरमायकोसिसचे रुग्ण दाखल होऊ लागले, तेव्हा सर्वत्र एकच ओरड होती: अँफोटेरिसिन मिळत नाही. ती टंचाई खरीच होती. परंतु दुसऱ्या एका टंचाईची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली. बुरशी नेमकी कुठवर पोहोचली आहे, हे वेळेत पाहण्याच्या सोयीची ती टंचाई.

ही बुरशी नाकातून सायनसमध्ये, तिथून डोळ्याच्या खोबणीत आणि पुढे मेंदूत जाते. ती रक्तवाहिन्यांच्या भिंतींत शिरते, आत गुठळ्या होतात आणि त्या वाहिनीवर जगणारा भाग मरतो. मधले हाड तिला पोखरावेच लागते असे नाही; वाहिन्यांच्या कडेने ती पलीकडे निघून जाते. म्हणूनच सुरुवातीच्या सीटी स्कॅनमध्ये हाड शाबूत दिसले, तरी खोबण सुरक्षित आहे असे मानता येत नाही. एमआरआय इथे अधिक बोलका ठरतो. कॉन्ट्रास्ट दिल्यावर नाकातील जिवंत श्लेष्मल आवरण उजळते आणि मेलेले काळे राहते. डोळ्यामागील चरबीत उठलेले पट्टे, फुगलेले स्नायू, खोबणीच्या टोकाशी वेढली गेलेली दृष्टिचेता या साऱ्या खुणा त्यात वाचता येतात. दृष्टी गेली की ती बहुधा परतत नाही, त्यामुळे या खुणा दोन दिवस आधी दिसणे आणि नंतर दिसणे यांत फार मोठे अंतर आहे.

शस्त्रक्रियेचा निर्णयही बऱ्याच अंशी याच प्रतिमांवर उभा असतो. रोग खोबणीच्या एका कोपऱ्यापुरता असेल, तर सायनसची सफाई आणि डोळ्यामागे औषधाचे इंजेक्शन यांवर निभावण्याची शक्यता असते. तो सर्वत्र पसरला असेल, तर बुबुळ, स्नायू, चरबी यांसह सारी खोबण रिकामी करण्याची वेळ येते. डॉ. संतोष होनावर यांनी २०२१ मध्ये मांडलेली रोगाच्या टप्प्यांची वर्गवारी याच प्रसारावर बेतलेली आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, देशभरातील २,८२६ रुग्णांच्या अभ्यासात ७८ टक्क्यांना मधुमेह होता आणि ८७ टक्क्यांना स्टेरॉइड दिलेले होते. त्यांतील २१ टक्के रुग्ण महाराष्ट्राचे होते. तेव्हा हा केवळ उत्तरेचा प्रश्न समजू नये.

स्कॅनची वाट पाहत उपचार थांबवू नयेत, हा आक्षेप रास्त आहे. नाकातील नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून बुरशीचा अंदाज लवकर येतो आणि संशय बळकट असेल तर औषध लगेच सुरू करावे. पण सुरी कुठवर चालवायची, हे सूक्ष्मदर्शक सांगत नाही.

खरी अडचण अंतराची आहे. बहराइचचा रुग्ण सुमारे सव्वाशे किलोमीटर ओलांडून लखनऊला येतो. जिल्हा रुग्णालयांत सीटी यंत्र आता अनेक ठिकाणी आहे, एमआरआय मात्र अपवादानेच. शिवाय यंत्र असले म्हणजे काम झाले असे नाही. चिठ्ठीवर केवळ ‘सायनसचा स्कॅन’ लिहिले, तर डोळ्याच्या खोबणीकडे आणि मेंदूकडे लक्ष जाईलच याची खात्री नसते, आणि अहवालात ‘सायनसची सूज’ एवढेच नोंदवून विषय संपतो. यंत्रांच्या उद्घाटनाचे फलक लागतात. अहवाल वाचणाऱ्याच्या जागा भरल्याचा फलक सहसा कुठे दिसत नाही.

यावर लखनऊजवळ एक साधन आधीपासूनच आहे. संजय गांधी संस्थेत दूरवैद्यकाचा स्वतंत्र विभाग कित्येक वर्षांपासून कार्यरत आहे. जिल्ह्यात काढलेल्या प्रतिमा रुग्णाच्या आधी तिथे पोहोचाव्यात, तज्ज्ञाने त्या त्याच दिवशी पाहाव्यात आणि रुग्णवाहिका निघण्यापूर्वीच डोळ्याची स्थिती कळावी, एवढी व्यवस्था नव्या इमारतीवाचून होऊ शकते. त्यासाठी लागणार आहेत ठरलेल्या वेळी उपलब्ध असणारे रेडिऑलॉजिस्ट, त्यांचा मोबदला आणि चिठ्ठीचा एकसारखा नमुना. कोविडची लाट ओसरली, पण अनियंत्रित मधुमेह ओसरलेला नाही; या बुरशीचे प्रमाण भारतात कोविडपूर्वीही इतर अनेक देशांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असल्याचा अंदाज होता, आणि तिचे रुग्ण आजही याच रस्त्याने लखनऊकडे येतात.