परताव्याची रुजवात

यंदाच्या संक्रांतीला येथे अमेरिकेत, बाहेर हिमवृष्टी चालू असता आणि आत मंडळाने भाड्याने घेतलेल्या सभागृहात तिळगुळाच्या डब्यांभोवती मुलांची झुंबड उडालेली असता, भंडारा जिल्ह्यातून आलेली तीन माणसे एका कोपऱ्यात उभी राहून जे काही बोलत होती, ते दुरून पाहणाऱ्यास धानाच्या भावाविषयी किंवा गोसीखुर्दच्या पाण्याविषयी असावे असे वाटले असते. प्रत्यक्षात तुमसरचे गृहस्थ साकोलीच्या बाईंना "तुमचा परतावा आला का जी?" असे विचारीत होते, आणि पवनीचे तिसरे गृहस्थ, ज्यांचा आला नव्हता, ते दोघांकडेही किंचित संशयाने पाहत होते. प्रस्तुत संपादक स्वतः भंडाऱ्याचा, आणि त्याचाही भारतीय प्राप्तिकराचा परतावा त्या घडीस वाटेत कोठेतरी अडकलेला. तेव्हा वार्षिक अहवालाविषयी लिहावयाचे हे पान त्याने या विषयास दिले, याबद्दल कार्यकारिणी त्यास क्षमा करील अशी आशा आहे.

भंडाऱ्यास राहणाऱ्या माझ्या चुलतभावाची आणि माझी अशा दोन मुदतठेवी एकाच शाखेत, एकाच दराने ठेवलेल्या असल्या, तरी सरकारच्या दप्तरी त्या दोन निराळ्या जातीच्या ठेवी आहेत. त्याचे व्याज वर्षाकाठी ५०,००० रुपयांच्या आत राहिले तर बँक त्यातून छदामही कापत नाही, वर गेले तर १० टक्के कापते, आणि एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर तसा एक अर्ज देऊन तो तेवढीही कपात टाळू शकतो. माझ्या एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीच्या, खात्यातील व्याजावर मात्र पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर व त्या करावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के, टीडीएस म्हणून जागच्या जागी कापला जातो. १,५०,००० रुपये व्याज झाले तर ४६,८०० रुपये सरकारजमा होतात. आणि भारतात दुसरे उत्पन्न नसलेल्या मनुष्याचे ते सबंध व्याज करमुक्त मर्यादेच्या आतच असल्यामुळे, जे कधी देणेच नव्हते ते आधी द्यावयाचे आणि मग विवरणपत्र भरून परत मागावयाचे, असा हा उफराटा व्यवहार आहे.

पवनीच्या गृहस्थांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी बसली तेव्हा ते शाळेत होते. पुढे घराण्याची जमीन संपादित झाली, मोबदला अपुरा म्हणून दावा गेला, आणि वाढीव मोबदला व त्यावरील व्याज हाती येईपर्यंत एक भाऊ गावी राहिला होता व दुसरा समुद्रापार येऊन आपल्या मंडळाचा आजीव सभासद झाला होता. वाढीव मोबदल्यावरचे व्याज कितीही वर्षांचे असले तरी ज्या वर्षी मिळाले त्याच वर्षाचे उत्पन्न धरावे आणि त्यातून निम्म्या रकमेची वजावट द्यावी, अशी कायद्याची तरतूद आहे. पण कपात करणारा अधिकारी वजावटीचा हिशेब करीत बसत नाही, तो संपूर्ण व्याजावर दर लावतो, आणि तो दर गावच्या भावास १० टक्के, तर अनिवासी भावास ३० टक्क्यांहून अधिक. एकाच बांधावरच्या, एकाच निकालातल्या दोन सख्ख्या भावांपैकी एकाचा परतावा त्यामुळे किरकोळ, तर दुसऱ्याचा एखाद्या ट्रॅक्टरच्या किमतीएवढा, आणि तो न आल्यास संशयही त्याच प्रमाणात.

वडिलांच्या मागे घर आवरताना मला भंडाऱ्याच्याच कारागिराने घडवलेला एक पितळी डबा सापडला, ज्यात पासबुके, वीजबिले आणि शेतसाऱ्याच्या पावत्या एकत्र बांधून ठेवलेल्या होत्या. त्यांतील एक पावती मालगुजारीच्या काळची, म्हणजे ३१ मार्च १९५१ च्या आधीची, कारण त्या दिवशी १९५० च्या कायद्यान्वये मध्यप्रांतातील मालगुजारांचे हक्क सरकारात विलीन झाले आणि त्यांच्या तलावांना ‘माजी मालगुजारी’, म्हणून लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’, असे नवे नाव मिळाले. दिवाणजीच्या बोरूने काढलेल्या त्या कागदावर जमा, वसूल, बाकी आणि फाजील असे चार रकाने आहेत, आणि चौथा कोरा आहे. रयतेने अधिक भरणा केला असे तेव्हा कधी घडत नसावे, किंवा घडले तरी लिहिण्याची पद्धत नसावी. मला दुसरी शक्यता अधिक संभवनीय वाटते. आजच्या प्राप्तिकर खात्याने तो रकाना भरावयाचे मान्य केले आहे, एवढेच नव्हे तर वेळेत विवरणपत्र देणाऱ्यास १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याजही कबूल केले आहे. अट एकच, जी दिवाणजीचीही होती: रुजवात पटली पाहिजे.

विलंबाचे मूळ बहुधा या रुजवातीत असते, आणि तिची पहिली अडचण पंचांगाची आहे. जानेवारी ते मार्च या तिमाहीत कापलेल्या कराचे पत्रक सादर करण्यास बँकेस ३१ मेपर्यंत मुदत आहे, म्हणून आपल्या नावावरची ती कपात प्राप्तिकर खात्याच्या खतावणीत जूनच्या सुमारास उमटते. जो उत्साही गृहस्थ एप्रिलातच विवरणपत्र भरून मोकळा होतो, तो ज्या पैशाची नोंद सरकारकडे अद्याप झालीच नाही तो पैसा परत मागत असतो, आणि यंत्र त्यास नकार देते यात यंत्राचा दोष नाही. दुसरी अडचण आळसाची: विवरणपत्र दाखल केल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते, आधारच्या ओटीपीने, नेटबँकिंगने किंवा सही केलेली पोचपावती बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रास टपालाने धाडून. १ ऑगस्ट २०२२ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती, आणि आपल्यांतील कित्येकांच्या मनात अजून तीच आहे. पडताळणी मुदतीत झाली नाही तर विलंबाची माफी मागून ती मान्य होईपर्यंत विवरणपत्र विधिवत भरलेलेच धरले जात नाही, आणि न भरलेल्या विवरणपत्राचा परतावा येत नाही हे सांगावयास संपादकीयाची गरज नाही.

पडताळणी झाल्यावर कागद बंगळुरूस जातो. तेथील केंद्र पुष्कळदा काही आठवड्यांत, कधी काही दिवसांतही काम उरकते. पण कायद्याने त्यास दिलेली मुदत, ज्या आर्थिक वर्षात विवरणपत्र दाखल झाले ते संपल्यापासून नऊ महिन्यांची आहे, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टात भरलेल्या विवरणपत्राची निर्णयसूचना ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत पाठविली तरी ती वेळेतच म्हणावी लागते. येथील अमेरिकी खाते विद्युत्-मार्गाने भरलेल्या बहुतेक विवरणपत्रांचा परतावा २१ दिवसांत देते, या सवयीने बिघडलेल्या आपल्या मनास ती मुदत असह्य वाटते खरी. तरी वरील ४६,८०० रुपयांवर २०२५ च्याच डिसेंबरापर्यंत नऊ महिन्यांचे व्याज २,१०६ रुपये होते, आणि पुढील वर्षाच्या उत्पन्नात ते दाखवावे लागते, ही बाब हिशेबनिसास विसरू देऊ नये.

आता तिसरी अडचण, जिच्यापायी मी स्वतः पाच महिने घालवले, ती नावाची. पॅनकार्डावर माझे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असे तीन शब्द आहेत. भंडाऱ्यास शाळेत असताना काढलेल्या बँकखात्यात, आपल्याकडच्या शिरस्त्याप्रमाणे, आडनाव प्रथम आहे आणि वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर. पारपत्रावर वडिलांचे नाव अजिबात गळाले आहे, आणि येथील कार्यालयांनी आडनावाच्या रोमन लेखनातले एक अक्षर परस्पर कमी केले आहे. चारही ठिकाणी माणूस एकच, पण परतावा केवळ पूर्वप्रमाणित खात्यातच जमा होतो, ते प्रमाणन पॅनवरील व बँकेतील नाव जुळल्याविना होत नाही, आणि माझ्या बाबतीत ते खातेही अनिवासी होऊन बारा वर्षे लोटली तरी साध्या बचतखात्याच्याच रूपात राहिले होते, ज्याचा दोष सर्वस्वी माझा. संकेतस्थळावर ‘परतावा अयशस्वी’ असा शेरा पडला तेव्हा मी बंगळुरूस मनोमन बरेच काही बोललो. नंतर पासबुक उघडले आणि ते शब्द परत घेतले. खाते एनआरओ करून, नाव दुरुस्त करून, पुन्हा प्रमाणन झाल्यावर ‘परतावा पुनर्जारी’ची विनंती करावी लागली. ज्यांचे भारतात खातेच उरले नाही अशा अनिवासी सभासदांस विवरणपत्रात परदेशी खात्याचा तपशील देण्याची सोय आहे. याच जातीची आणखी एक गोष्ट पॅनची: आधारशी जोडणीची सक्ती अनिवासींना नाही, पण आपण अनिवासी आहोत हे खात्यास कळविले नसेल तर पॅन निष्क्रिय ठरू शकते, आणि निष्क्रिय पॅनवर परतावा दिला जात नाही.

स्थिती पाहावयाची म्हणजे काय पाहावयाचे, हेही स्पष्ट केले पाहिजे, कारण आपल्यांतील बहुतेक मंडळी दर रविवारी संकेतस्थळ उघडून केवळ ‘आले की नाही’ एवढेच पाहतात. पोचपावतीचा १५ अंकी क्रमांक आणि भ्रमणध्वनी हाताशी असला तर खात्यात प्रवेश न करताही विवरणपत्राची अवस्था कळते. प्रवेश करून ‘दाखल केलेली विवरणपत्रे’ उघडली तर दाखल, पडताळणी, प्रक्रिया आणि परतावा या टप्प्यांची संपूर्ण साखळी तारखांसह दिसते. ‘प्रक्रियेत आहे’ असे असेल तर स्वस्थ बसावे. विवरणपत्र सदोष असल्याची सूचना असेल तर १५ दिवसांत उत्तर द्यावे. दुरुस्ती प्रस्तावित असेल तर ३० दिवसांत. आणि जुन्या येणे-बाकीपोटी परतावा वळता करण्याचा इरादा कळविला असेल तर २१ दिवसांत, कारण मौन ही संमती धरली जाते. ही जुनी बाकी बहुधा नागपुरास पहिली नोकरी करीत असतानाची, विस्मृतीत गेलेली, दोन-चार हजारांची असते. १ फेब्रुवारी २०२४ च्या हंगामी अंदाजपत्रकाने २००९-१० पर्यंतच्या २५,००० व त्यानंतर २०१४-१५ पर्यंतच्या १०,००० रुपयांपर्यंतच्या अशा मागण्या सोडून दिल्या, तेव्हा आपली त्यांत गेली की राहिली हे एकदा पाहून ठेवावे. आणि ‘आपला परतावा मंजूर झाला, येथे स्पर्श करा’ असा जो मध्यरात्री संदेश येतो, त्यास मात्र स्पर्श करू नये.

माझे प्रामाणिक मत विचाराल तर परताव्याची वाट पाहण्यापेक्षा तो उत्पन्नच होऊ न देणे शहाणपणाचे. भारत व अमेरिका यांच्यातील करारानुसार व्याजावरील कर सामान्यतः १५ टक्क्यांवर थांबतो. येथील खात्याचा रहिवासाचा दाखला आणि त्यासोबतचा विहित अर्ज वर्षारंभी बँकेस दिला, तर ३१.२ ऐवजी १५ टक्केच कापले जातात. बँकेचा कारकून प्रथम तो दाखला उलटासुलटा करून पाहील आणि वरिष्ठांकडे पाठवील. नेटाने पाठपुरावा करावा. गावचे घर किंवा प्लॉट विकणाऱ्याने तर विक्रीपूर्वीच कमी कपातीचे प्रमाणपत्र मिळवावे, नाहीतर खरेदीदार नफ्यावर नव्हे, सबंध किमतीवर कर कापून मोकळा होतो. इकडच्या विवरणपत्रापुरते एवढेच, की जो भारतीय कर परत मिळणार आहे त्याचे श्रेय अमेरिकेत घेता येत नाही. दोन्ही सरकारांकडून एकच रुपया वसूल करण्याची युक्ती सुचलेले सभासद आपल्यांत आहेत, त्यांच्यासाठी हे वाक्य. ज्यांनी मागील वर्षांचे विवरणपत्र भरलेच नाही, त्यांनी विलंबमाफीचा अर्ज करावा; त्याची मर्यादा १ ऑक्टोबर २०२४ पासून पाच वर्षांची झाली आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून कलमे मी मुद्दामच लिहिली नाहीत.

माझ्या परताव्याचे काय झाले, ते सांगतो. खात्याशी नोंदविलेला माझा जुना भारतीय क्रमांक चालू ठेवण्यासाठी त्याचे सिमकार्ड काकांच्या एका लहान फोनमध्ये घालून तो फोन त्याच पितळी डब्यात ठेवलेला असतो, आणि ओटीपी पंधरा मिनिटांत निरुपयोगी होत असल्यामुळे मी येथून रात्री नऊ वाजता दूरध्वनी करावयाचा, काकांनी तेथे सकाळी चहाचा कप बाजूस ठेवून डब्याचे झाकण उघडावयाचे आणि सहा आकडे मोठ्याने वाचावयाचे, असा आमचा परिपाठ आहे. फेब्रुवारीतल्या एका पहाटे माझी झोप काकांच्या फोनने मोडली.

"आला गा बाबू तुहा पैसा. बँकेचा मेसेज आहे, डब्यात वाजला."

किती आला, असे मी विचारले. आकडा त्यांनी दोनदा वाचला, व्याजासह तो बरोबर होता, आणि मग ते म्हणाले, की या फोनचे रिचार्ज परवा संपते, तेव्हा आता सिम ठेवू की काढू?

ठेवा, असे मी सांगितले. पवनीच्या गृहस्थांचा परतावा अजून आलेला नाही. त्यांच्या बँकखात्यात आडनाव प्रथम आहे काय, हे त्यांनी पाहावे अशी त्यांस या पानावरून विनंती आहे.