सावकारास आवर, बँकेस अभय

सकाळचें वर्तमानपत्र उघडावें, तों आंतल्या पानांवर ताब्याच्या सूचनांच्या चौकटी दाटीवाटीनें बसलेल्या दिसतात. कर्जदाराचें नांव, जामीनदाराचें नांव, सदनिकेचा क्रमांक, चतुःसीमा आणि येणें रक्कम. ही सूचना दोन वर्तमानपत्रांत, त्यांपैकीं एका देशी भाषेच्या पत्रांत, छापणें बंधनकारक आहे. म्हणून ती मराठींत येते. (कायद्यानें आमच्या भाषेस दिलेल्या मोजक्या मानांपैकीं हा एक!) आमचे सुशिक्षित वाचक त्या चौकटींवरून नजर झरकन् पुढें नेतात. कर्ज काढलें, फेडलें नाहीं, घर गेलें. त्यांत विचार तो कसला करावयाचा, असें त्यांस वाटतें. आमच्या मतें विचार करण्याजोगें त्यांत पुष्कळ आहे, आणि येणें रकमेच्या आंकड्यापासूनच त्यास आरंभ केला पाहिजे.

शेंकडा 18 दरानें दर तीन महिन्यांनीं व्याज मुद्दलांत मिळवीत गेल्यास चार वर्षें पुरीं होण्यापूर्वींच रक्कम दुप्पट होते. शेंकडा 12 नेंही सहा वर्षें लागत नाहींत. आमच्या धर्मशास्त्रकारांस हें गणित चांगलें ठाऊक होतें. एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक असतां कामा नये, हा दामदुपटीचा नियम त्यांनीं घातला, आणि इंग्रजी अमदानींतही मुंबई इलाख्यांतील न्यायालयांनीं तो मानला. पण नुसता नियम असून भागत नाहीं. हिशेब उलगडून पाहणारा कोणी असावा लागतो. 1859 च्या कायद्यानें साध्या खतावरील दाव्याची मुदत तीन वर्षांवर आणली, तेव्हां सावकार ती मुदत भरण्यापूर्वीं जुनें व्याज मुद्दलांत घालून नवें खत लिहून घेऊं लागला. न्यायाधीशापुढें येई तें केवळ शेवटचें खत. 12 मे 1875 रोजीं सुप्याच्या बाजारांत लोक उठले आणि सावकारांचे कागद जाळले गेले, त्यांत ह्या रागाचा वांटा मोठा होता. सरकारनें चौकशी मंडळ नेमलें आणि 1879 सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला. त्याचें मर्म असें कीं, पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत न्यायाधीशानें खताच्या मागें जावें, व्यवहाराचा इतिहास आरंभापासून काढावा, मुद्दल निराळें, व्याज निराळें मांडावें आणि मग निकाल द्यावा.

परक्या सरकारनें न्यायाधीशास दिलेली ही दृष्टि स्वराज्याच्या संसदेनें बँकांपुरती काढून घेतली. 1984 सालीं बँकिंग नियमन कायद्यांत कलम 21-अ घातलें गेलें. बँकेनें लावलेलें व्याज भारी आहे, या कारणास्तव कोणत्याही न्यायालयानें व्यवहार पुन्हां उघडूं नये, असें तें सांगतें. बँकेनें करार मोडला किंवा रिझर्व्ह बँकेच्या आदेशांचें उल्लंघन केलें, तर न्यायालयास तें पाहतां येतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. शेतीच्या कर्जापुरता या कलमास सर्वोच्च न्यायालयानें 2018 सालीं कांहीं आवरही घातला. पण दर भारी आहे, एवढेंच ज्याचें गाऱ्हाणें, त्यास तेथें उभें राहण्यास जागा नाहीं. तेव्हां समर्थन असें करीत कीं, दर रिझर्व्ह बँकच ठरविते. मग न्यायालयानें त्यांत कशास पडावें? ठीक. परंतु 1994 सालीं दोन लाखांवरील कर्जांचे दर ठरविणें बँकांवरच सोंपविण्यात आलें. ज्या कारणासाठीं कवच दिलें तें कारण गेलें, कवच मात्र अंगावर राहिलें! पुढें 2001 सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं, करार व रूढीप्रमाणें मुद्दलांत मिळविलेलें व्याज मुद्दलच होय, असा निर्णय दिला. दंडव्याज तेवढें मुद्दलांत घालतां येणार नाहीं, असें बजावलें. आणि विनोद असा कीं, 1946 च्या मुंबई सावकारी कायद्यानें सावकारावर घातलेलें दामदुपटीचें बंधन महाराष्ट्राच्या 2014 च्या कायद्यांतही कायम आहे. म्हणजे गल्लींतील परवानाधारक सावकारास मुद्दलाइतक्या व्याजावर थांबावें लागतें, आणि संगमरवरी पायऱ्यांच्या बँकेस नाहीं.

आतां ताब्याकडे वळूं. 2002 च्या सरफेसी कायद्यानें दिवाणी न्यायालयाचें दार कर्जदारास बंद झालें. हप्ता नव्वद दिवस थकला कीं खातें अनुत्पादक, मग साठ दिवसांची नोटीस, मग ताबा. कर्जदारानें आक्षेप घेतल्यास बँकेनें पंधरा दिवसांत उत्तर द्यावें, असें कायदा म्हणतो. परंतु त्या उत्तराविरुद्ध त्या टप्प्यावर कोठेंच जातां येत नाहीं. आरोपी, फिर्यादी आणि पंच यांपैकीं दोन आसनें एकाच गृहस्थाकडे! ताब्याचें पाऊल पडल्यावर न्यायाधिकरण आहे. पण त्याच्यावर अपील करावयाचें तर निम्मी रक्कम भरावी, फार तर पावपर्यंत सूट. ज्याच्यापाशीं तेवढी रक्कम आहे, तो घर कशास गमावील?

आमचे एक स्नेही, निवृत्त शिक्षक, अशाच एका प्रकरणांत पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा मागत तीन वेळां एका बँकेंत जाऊन आले. मिळाला तो शेवटच्या दोन वर्षांचा. तो पाहतांना आम्हांस सुप्याचें शेवटचें खत आठवलें.

यावर उत्तर तयार असतें कीं, बँकेचा पैसा ठेवीदारांचा; विधवांचा, पेन्शनरांचा. तें खरेंच आहे, आणि आमचे बहुतेक वाचकही ठेवीदारच आहेत. थकलेलें कर्ज वसूल होऊं नये, असें आम्हीं कधींच म्हटलेलें नाहीं. पण ठेवीदाराचें हित मुद्दल व वाजवी व्याज परत येण्यांत आहे. न तपासलेल्या आंकड्यांत नाहीं. आणि मोठ्या कारखान्यांच्या कर्जांत, दिवाळखोरीच्या संहितेखालीं, याच ठेवीदारांच्या पैशांतून बँका मुद्दलावरही मोठी सूट मुकाट्यानें सोसतात. तेव्हां ही विधवा कोणास आठवत नाहीं.

म्हणून कलम 21-अ रद्द व्हावें, आणि ताब्याच्या नोटिशीसोबत मुद्दल, व्याज व दंड निरनिराळे दाखविणारा आरंभापासूनचा हिशेब देणें सक्तीचें व्हावें. तिसरी मागणी गहाण सोडविण्याच्या हक्काची. 1882 च्या कायद्यानें तो हक्क विक्री होईपर्यंत जिवंत होता. 2016 च्या दुरुस्तीनें तो लिलावाची जाहिरात छापतांच संपतो, असें 2023 सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही ठरविलें. जाहिरातीनंतर आणि बोलीपूर्वीं कोणी मुलाच्या मित्रांकडून, भावाकडून, दागिने मोडून सगळी रक्कम घेऊन आला, तर ती स्वीकारण्यास बँकेस काय अडचण आहे, हें आम्हांस कोणीतरी सांगावें.